टाकीच्या झाकणावरचा शेंदूर

एका जंगलात, जिथं सिंह नव्हता पण ट्रक होता, तिथली ही गोष्ट.

सिंह नसला तर फारसं अडत नाही, बाळांनो. वाघ असतो, तो सही करतो. ट्रक नसला तर मात्र अडतं. म्हणून त्या जंगलात वाघोबांना वर्षातून एकदा हार घालायचे आणि ट्रकला दर आठवड्याला.

ट्रक जुना होता. किती जुना, ते कुणालाच माहीत नव्हतं. कासवानं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही तो जुनाच होता, म्हणे. तो पेट्रोल प्यायचा. त्याच्या नाकाडाखाली एक कार्बोरेटर होता. कार्बोरेटर म्हणजे काय, हे जंगलात फार थोड्यांना ठाऊक होतं. तिथं पेट्रोल आणि हवा यांचं लग्न लागतं, एवढं समजलं तरी पुरे. पेट्रोल कमी पडलं की भांडण, हवा कमी पडली की भांडण, आणि मध्ये कचरा आला की काडीमोड.

हा संसार सांभाळायला एक मिस्त्री होता. त्याचं नाव गुंडाजी. तो होता खवल्या मांजर. खवल्या मांजराला मांजर का म्हणतात, हे मांजरांनाही कळलेलं नाही. अंगभर खवले, लांब नाक, नाकाहून लांब जीभ, आणि भीती वाटली की अंगाचा चेंडू.

गुंडाजीला भीती कशाची वाटायची? कुणी नाव विचारलं की वाटायची. कुणी शाबासकी दिली की जास्त वाटायची.

तो तिसरीपर्यंत शिकला होता. तिसरीत घुबड गुरुजींनी एकदा डोळे उघडले आणि नेमकं त्यालाच उभं केलं. हवा कुठं असते, असं त्यांनी विचारलं. गुंडाजीला उत्तर येत होतं. पण सगळा वर्ग त्याच्याकडे बघत होता. त्यानं अंगाचा चेंडू केला. शाळा टेकडीवर होती आणि तिच्या दाराला उंबरा नव्हता. चेंडू दारातून गेला, उतारावरून गेला, आणि खाली ट्रकच्या मागच्या चाकाला लागून थांबला. चाकापाशी म्हातारे घोरपडेकाका मिस्त्री काम करत होते. त्यांनी चेंडूकडे पाहिलं.

"आलाच आहेस तर तो पाना दे," ते म्हणाले.

असा गुंडाजी धंद्याला लागला. हवेचा धडा राहिला तो राहिलाच. हे लक्षात ठेवा.

पुढे घोरपडेकाका थकले. खंडेनवमीच्या दिवशी त्यांनी पान्यांची पिशवी गुंडाजीच्या गळ्यात अडकवली आणि ते कड्यावर ऊन खायला निघून गेले. घोरपड एकदा कड्याला चिकटली की तिला खाली बोलवायचं नाही, असा तिकडे रिवाज आहे. त्यामुळे आता जे काही विचारायचं ते गुंडाजीनं स्वतःलाच विचारायचं होतं, आणि स्वतःशी बोलतानाही तो लाजायचा.

दसऱ्याला ट्रक धुतला. ड्रायव्हर होते हणमंतआबा. ते गवा होते. त्यांची शिंगं केबिनच्या दोन्ही खिडक्यांतून बाहेर यायची, त्यामुळे वळताना हात दाखवायची गरज पडायची नाही. आबांनी स्टिअरिंगला झेंडूचा हार घातला. क्लिनर होती साळूआत्या. ती साळिंदर होती. चढावर ट्रक थांबला की उडी मारून चाकामागं दगड लावायचा, हे तिचं काम. तिनं चारी चाकांना हळदकुंकू लावलं. इंजिनापुढं नारळ फुटला. सगळ्यांनी एकमेकांना आपट्याची पानं दिली.

पेट्रोलच्या टाकीकडे कुणी बघितलं नाही.

गुंडाजीला टाकीची दया आली. तिच्यात त्याला स्वतःसारखं काहीतरी दिसलं. बिचारी एका बाजूला गप्प बसून सगळ्यांचं पोट भरते आणि तिला कुणी कुंकवाचं बोटही लावत नाही. सगळे गेल्यावर त्यानं शेंदूर तेलात कालवला आणि टाकीच्या झाकणाला जाड लेप दिला. झाकणाच्या मधोमध टाचणीएवढं एक भोक होतं. ते त्याला बरं दिसलं नाही. घडवणाऱ्याकडून बुजवायचं राहून गेलं असावं, असं त्याला वाटलं. देवाचं काम अर्धवट ठेवू नये, म्हणून त्यानं नखानं त्या भोकातही शेंदूर भरला आणि वरून दाबला. नखाचा ठसा उमटला. तो त्यानं तसाच राहू दिला. आयुष्यात पहिल्यांदाच कुठंतरी सही केल्यासारखं त्याला वाटलं.

हेही लक्षात ठेवा. गुंडाजी विसरला.

त्या वर्षी पाऊस लवकर उठून गेला. ट्रक उभा राहायचा त्या माळावर एक डबकं होतं, ते आटायला लागलं. डबक्यात डबकेकाकू राहायच्या. त्या बेडूक होत्या, आणि त्यांना यंदा उशिरा पोरं झाली होती. पोरं म्हणजे बेडूकमासे. नुसतं डोकं आणि शेपूट, पायांचा अजून पत्ता नाही. पाणी संपायच्या आत त्यांना घाटापलीकडच्या मोठ्या तळ्यात नेलं तर ती जगणार होती. नाहीतर नाही. यात वाद घालण्यासारखं काहीच नव्हतं, त्यामुळे जंगलानं दोनच दिवस वाद घातला आणि ट्रक द्यायचं ठरवलं.

चार ड्रम डबक्याच्या पाण्यानं भरले. त्यांत पोरं सोडली. पहिल्या ड्रमच्या काठावर काकू बसल्या. आबा डबक्यात उभे राहून ड्रम वर देत होते. गव्यांचे पाय खाली पांढरे असतात, मोजे घातल्यासारखे. त्या दिवशी पाणी आबांच्या मोज्यांच्या वरच्या काठाला टेकलं होतं.

घाटाला एकवीस वळणं. ऊन तापायच्या आत पलीकडे पोचायचं, नाहीतर ड्रमातलं पाणी तापून पोरं उकडणार.

ट्रक झोकात निघाला. पहिलं वळण झालं. दुसरं झालं. तिसऱ्या वळणावर त्यानं दोन गचके दिले, एक ढेकर दिली, आणि तो थांबला.

आत्यानं दगड लावला. आबा खाली उतरले. ट्रक थांबला की टाकीचं झाकण काढून आत बांबूची कामटी बुडवायची आणि पेट्रोल कुठवर आहे ते पाहायचं, ही त्यांची तीस वर्षांची सवय. कामटी ओली निघाली. पेट्रोल भरपूर होतं. त्यांनी झाकण परत लावलं आणि मिस्त्र्याकडे पाहिलं.

मिस्त्र्याला एकच रोग माहीत होता. "कचरा आहे," तो म्हणाला.

त्यानं कार्बोरेटर उघडला. कार्बोरेटरला एक वाटी असते. तिच्यात पेट्रोल साठतं आणि जेट नावाच्या बारीक भोकातून इंजिनाकडे जातं. जेटमध्ये कचरा अडकला असता तर वाटी भरलेली दिसली असती. वाटी ठणठणीत कोरडी होती. हे फार महत्त्वाचं होतं. गुंडाजीनं ते नीट पाहिलं आणि जेट चाटला.

त्याची जीभ लांब, बारीक आणि चिकट. जेटच्या भोकातून ती आरपार जायची. त्यानं जेट तीनदा चाटला, सगळं परत बसवलं, आबांनी हँडल मारलं, आणि ट्रक सुरू झाला.

"शाबास रे लेका," आबा म्हणाले. गुंडाजीचा चेंडू झाला. त्याला उचलून केबिनमध्ये ठेवावं लागलं.

सहाव्या वळणावर ट्रक पुन्हा थांबला. पुन्हा दगड, पुन्हा कामटी, पुन्हा जीभ. पुन्हा ट्रक सुरू झाला. पण प्रत्येक वेळी दीड तास जात होता. ऊन डोक्यावर आलं, ड्रमातली पोरं वर येऊन तोंडं उघडायला लागली, आणि काकूंनी ट्रक परत फिरवायला सांगितला. उतारावर इंजिन लागत नाही. परतताना ट्रकनं काही तक्रार केली नाही. पोरं पुन्हा डबक्यात सोडली.

असं पाच वेळा झालं.

या पाच वेळांत गुंडाजीनं काय नाही केलं? गाळणी धुतली. नळी फुंकून पाहिली, मोकळी निघाली. पंप उघडून त्याचा पडदा उन्हात धरला, त्याला चीर नव्हती. जुनं पेट्रोल काढून नवं भरलं. सगळं ठीक होतं. सगळं ठीक असलं की खरं तर मिस्त्र्यानं घाबरायला पाहिजे. गुंडाजीला उलट धीर आला. ज्या अर्थी बाकी सगळं ठीक आहे, त्या अर्थी दोष कार्बोरेटरचाच, असं त्याचं ठरलं. त्याला कार्बोरेटर उघडता यायचा, हे त्यामागचं मुख्य कारण.

आणि ट्रक सुरू तर होत होता. जीभ लावली की सुरू होतोय, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. जंगलात गुंडाजीचं नाव झालं. लांबून लांबून जनावरं त्याची जीभ बघायला येऊ लागली. तो लाजून चेंडू व्हायचा, पण खरं सांगायचं तर एक डोळा उघडा ठेवून ऐकायचा. ट्रक बिघडला नसता तर आपल्याला कुणी विचारलंच नसतं, असं त्याच्या एकदा मनात आलं. मग त्याची त्यालाच लाज वाटली आणि त्यानं जेट पुन्हा एकदा चाटला.

ट्रक परत आला की जाणारेयेणारे टाकीच्या झाकणावर आणखी एक बोट शेंदूर लावायचे. आता दसऱ्याचा पुण्यप्रतापच काय तो उपयोगी पडेल, असं सगळ्यांना वाटत होतं. शेंदूर जाड होत गेला. डबक्यातलं पाणी आबांच्या मोज्यांच्या निम्म्यावर आलं.

मग कार्तिकात करकोचेसाहेब आले.

करकोचेसाहेब म्हणजे करकोचा. दर उन्हाळ्यात ते परदेशी जायचे आणि थंडीत इकडे यायचे. एवढा प्रवास केलेला दुसरा कुणी जंगलात नव्हता, म्हणून वाघोबांनी त्यांना ट्रकची चौकशी करायला सांगितलं. साहेब एका पायावर उभे राहून विचार करायचे. दुसरा पाय ते राखून ठेवत.

आपण गेलेल्या सगळ्या देशांत ट्रक चढावर कधीच थांबत नाहीत, असं त्यांनी सभेत सांगितलं.

"तिकडं चढ असतात का?" साळूआत्यानं विचारलं.

"मी वरून जातो," साहेब म्हणाले. "वरून सगळं सपाटच दिसतं."

चौकशीसाठी साहेब रोज डबक्यापाशी यायचे. पाण्याचा दोष आहे का ते बघायला हवं म्हणायचे. चोच डबक्यात घालून नमुना घ्यायचे. नमुना परत यायचा नाही. काकूंनी तक्रार केली, तेव्हा तपासणीत थोडंफार खर्ची पडतंच, असं उत्तर आलं.

साहेबांनी आधी ट्रक उलटा चढवून पाहायला सांगितला. ट्रक तिसऱ्या वळणापर्यंत पार्श्वभाग पुढं करून गेला आणि तिथं नेहमीसारखाच थांबला. उलटा थांबलेला ट्रक प्रथमच पाहिल्यामुळे लोक खूश झाले. मग साहेबांनी अहवाल लिहिला. त्यातला निष्कर्ष असा होता, की हणमंतराव गवा हे वारंवार टाकीचं झाकण उघडतात आणि त्यातून पेट्रोलचा जोर उडून जातो. सबब, झाकण बंद करण्यात यावं.

वाघोबांनी सही केली. झाकणावरून सुतळी आवळली, सुतळीच्या गाठीवर लाख ओतली, आणि लाखेवर वाघोबांच्या पंजाचा शिक्का उठवला. मध्ये शेंदूर तेवढा दिसत राहिला. छान दिसत होता.

दुसऱ्या दिवशी पाणी आबांच्या खुरांपर्यंत आलं.

काकू डबक्याच्या मधोमध बसून होत्या आणि त्यांची पाठ कोरडी होती. त्या आबांना म्हणाल्या, की आज उरलेलं सगळं पाणी ड्रमात भरा. थोडं मागं ठेवू नका. ठेवलं तरी परत येऊन पोरं ठेवायला त्यात जागा नाही. मग त्या गुंडाजीकडे वळल्या.

"हे बघ, तू घाबरतोस ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण आज चेंडू होऊ नकोस. आज माझ्याकडे परत फिरायला डबकं नाही."

गुंडाजीनं मान हलवली. होकार होता की नकार, ते त्यालाही कळलं नाही.

चारऐवजी तीनच ड्रम भरले. ट्रक उजाडता उजाडता निघाला. पहिलं वळण. दुसरं वळण. तिसऱ्या वळणावर दोन गचके, एक ढेकर.

आत्यानं दगड लावला. आबा उतरले, सवयीनं कामटी उचलली, टाकीपाशी गेले, शिक्का बघितला, आणि कामटी परत सीटखाली ठेवली.

गुंडाजीनं कार्बोरेटर उघडला. वाटी कोरडी. त्यानं जेट चाटला, सगळं बसवलं. आबांनी हँडल मारलं. ट्रक खोकलासुद्धा नाही.

त्यानं पुन्हा उघडला. पुन्हा चाटला. हँडल मारून मारून आबांच्या तोंडाला फेस आला. काही नाही. तिसऱ्यांदा चाटल्यावर गुंडाजीची जीभ सुजली आणि तोंडात मावेना. सूर्य झाडांच्या वर आला होता. ड्रमातली पोरं एकेक करून वर यायला लागली होती. काकू काठावर बसून त्याच्याकडे बघत होत्या.

त्याला चेंडू व्हावंसं फार वाटलं. पण हा घाट होता. इथं चेंडू केला असता तर तो थेट माळावर जाऊन कोरड्या डबक्यात पडला असता. काकू म्हणाल्या होत्या तेही खरंच होतं. मग दुसरं काही करता येत नाही म्हणून तो विचार करायला लागला.

जीभ तीच होती. जेट तोच होता. कचरा तर, खरं बोलायचं झालं तर, एकदाही सापडला नव्हता. त्यानं जिभेवर कधी कचऱ्याचा कणसुद्धा पाहिला नव्हता. रोजच्यातलं आज फक्त एकच झालं नव्हतं. आबांनी झाकण उघडून कामटी बुडवली नव्हती.

गुंडाजीच्या अंगावरचे सगळे खवले एकदम उभे राहिले. म्हणजे महिनाभर ट्रक आबांच्या कामटीनं सुरू होत होता, आणि शाबासकी त्याच्या जिभेला मिळत होती.

तो टाकीपाशी गेला. शिक्क्याच्या बाजूनं त्यानं झाकणाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "आत्या, एक काटा द्या."

"करकोचेसाहेबांना टोचायचा असेल तर दोन घे," साळूआत्या म्हणाली.

त्यानं काटा सुतळीखाली घातला. आबांचा चेहरा पडला.

"लेका, पंजाचा शिक्का आहे तो. तोडला तर काय होतं, ते आदेशात खाली लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

"मला वाचता येत नाही. पण खाली नखांची चित्रं काढलीत, त्यावरून समजतं."

ड्रममधून एक पोर वर आलं, त्यानं तोंड उघडलं, मिटलं, आणि ते खाली गेलं. गुंडाजीनं काटा ओढला. सुतळी तुटली. लाखेचा पंजा रस्त्यावर पडून फुटला.

त्यानं झाकण फिरवलं. आतून आवाज आला. खूप वेळ तोंड दाबून धरलेल्यानं श्वास घ्यावा, तसा लांब आवाज. टाकी हवा पीत होती.

हवा कुठं असते? गुंडाजीला एकदम गुरुजींचा प्रश्न आठवला. पेट्रोल बाहेर जातं तिथं मागून हवा आत यावी लागते. येऊ दिली नाही तर पेट्रोलही हटून बसतं. एवढंच होतं. त्यासाठीच ते टाचणीएवढं भोक ठेवलेलं होतं.

त्यानं झाकण हातात धरलं आणि शेंदराचा लेप सोलला. महिनाभराचे थर निघत गेले. सगळ्यांत तळाशी एक नखाचा ठसा होता. तो त्यानं लगेच ओळखला. सही करायला तो एकदाच शिकला होता.

त्यानं काटा भोकात घातला, आरपार टोचला, फिरवला, आणि झाकणातून सूर्याकडे पाहिलं. उजेडाचा एक ठिपका दिसला. झाकण परत लावलं. कार्बोरेटरला हात लावला नाही. आबांनी हँडल मारलं. तिसऱ्या झटक्याला ट्रक सुरू झाला.

सहावं वळण गेलं. नववं गेलं. बाराव्यापासून आबा गाणं म्हणायला लागले. एकविसावं वळण केव्हा गेलं ते कळलंही नाही. ड्रमांतलं पाणी तापायच्या आत तीनही ड्रम तळ्यात रिकामे झाले. काकूंनी पोरं मोजली. नमुन्यांत गेली ती सोडून सगळी होती. दोघांचौघांना तर मागचे पाय फुटायला लागले होते. काकू गुंडाजीजवळ आल्या, त्याच्या पायावर आपला थंड हात ठेवून थोडा वेळ बसल्या, आणि पाण्यात गेल्या. त्याचा चेंडू झाला नाही. त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी सभा भरली. वाघोबा आले. करकोचेसाहेब आले आणि तळ्याच्या जरा जास्तच जवळ उभे राहिले. अख्खं जंगल आलं. वाघोबांनी फुटलेली लाख समोर ठेवली आणि शिक्का कुणी तोडला, असं विचारलं.

आबा उभे राहायला निघाले. आत्याही निघाली. पण त्यांच्या आधी गुंडाजी उभा राहिला. सगळं जंगल त्याच्याकडे बघत होतं, तिसरीच्या वर्गासारखं. त्याचं पोट आत ओढलं गेलं, मान खाली जायला लागली. त्यानं मागचे पाय जमिनीत रोवले.

"शिक्का मी तोडला," तो म्हणाला. "भोकही मीच बुजवलं होतं. दसऱ्याला, शेंदरानं. झाकणातून हवा जात नव्हती म्हणून ट्रक थांबत होता. कार्बोरेटरमध्ये कचरा कधीच नव्हता. मी उगाच चाटत होतो."

त्याच्या आयुष्यातलं हे सगळ्यांत मोठं भाषण.

आता बघा, बाळांनो, सभेपुढं केवढी अडचण उभी राहिली. हा म्हणतो ते खरं धरलं, तर साहेबांचा अहवाल खोटा. अहवाल खोटा, तर वाघोबांची सही खोटी. शेंदूर लावणारी अर्धी जनता खोटी, आणि जीभ बघायला लांबून आलेली उरलेली अर्धी खुळी. एवढं सगळं एका सकाळी खोटं ठरवणं कुठल्याही जंगलाला झेपत नाही.

वाघोबांनी घसा साफ केला.

"केवढा हा विनय," ते म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. इतक्या मोठ्या कामाचं श्रेय स्वतः न घेता उलट दोष स्वतःवर घेतला, असा मिस्त्री पाहिला नाही, असं जो तो म्हणू लागला. टाकीला हवेची गरज असते असा उल्लेख आपल्या अहवालात होताच, पण ते पान वाऱ्यानं उडालं, असं करकोचेसाहेबांनी सांगितलं. काकूंनी पाण्यातून डोकं वर काढलं आणि म्हणाल्या, अहो, तो खरं बोलतोय. साहेबांनी मान वळवून तळ्याकडे पाहिलं आणि इथल्या पाण्याचे नमुने घ्यायचे राहून गेलेत, असं पुटपुटले. काकूंनी डोकं आत घेतलं. त्यांना पोरं होती.

मग ठराव झाले. ज्या काट्यानं हे घडलं तो काटा काचेच्या पेटीत ठेवून त्याला शेंदूर लावावा. दसऱ्याच्या शेंदरानंच ट्रक घाटापार गेला, हे सिद्ध झाल्यामुळे यापुढं टाकीच्या झाकणाला रोज सकाळी शेंदूर लावावा. आणि हा मान कायमचा गुंडाजी मिस्त्री यांना देण्यात यावा.

गुंडाजीला नको म्हणायचं होतं. तो शब्द ओठांपर्यंत आला. पण आजच्या पुरतं बोलणं त्याचं संपलं होतं. त्याचा चेंडू झाला. नमस्कार केला, असं सभेनं मानलं.

तेव्हापासून त्या जंगलात रोज सकाळी ट्रकची आरती होते. गुंडाजी पुढं येतो आणि टाकीच्या झाकणाला शेंदूर लावतो. भोकातही भरतो, कारण सगळे बघत असतात. मग हणमंतआबा हार घालायच्या निमित्तानं टाकीपुढं उभे राहतात. गवा उभा राहिला की त्याच्या मागचं काही कुणाला दिसत नाही. साळूआत्याला त्याच वेळी मोठा खोकला येतो. गुंडाजी डाव्या खांद्याच्या खवल्याखालून एक बारीक काटा काढतो, भोक टोचतो, आणि काटा परत ठेवतो.

ट्रक आता कधी थांबत नाही. लोक म्हणतात, शेंदराची पुण्याई.

कधीतरी एखादा परगावचा पाहुणा येतो आणि विचारतो, की मिस्त्री, तेव्हा नेमका बिघाड कशात होता हो? गुंडाजी खाली बघतो, जीभ तोंडात ओढून घेतो आणि सांगतो, "कचरा होता."

तात्पर्य : आपली चूक चारचौघांत जरूर कबूल करावी. लोक ती आपल्याच हातून रोज करवून घेतात, तीही हार घालून. म्हणून कबुली देण्याआधी एक काटा खवल्याखाली लपवून ठेवावा. ज्यांच्या अंगाला खवले नाहीत, त्यांनी कार्बोरेटरला दोष द्यावा.